तिसऱ्या खणातलं सगळं धाकट्याला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा संपादकी (आता निवृत्त, म्हणजे आधी मासिक निवृत्त झालं, मग मी), आज रोजी राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी आजची तारीख विचारली, मी सवयीने पुढच्या महिन्याची सांगितली. ते म्हणाले, "चालेल, तुमच्या धंद्यात हेच बरोबर."

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, गच्चीची किल्ली आणि गळका नळ, माझ्या पुतणीला मिळावं. ती वकील आहे. मसुदा तीच करणार होती, पण हे कलम सांगताच तिने पेन खाली ठेवलं. "काका, घर मला देताय आणि कागद मीच लिहायचा? उद्या कोर्टात माझीच उलटतपासणी होईल. तुम्ही हाताने लिहा, मी फक्त वाचते." म्हणून हे माझ्या अक्षरात आहे. वाचताना डोळ्यांना त्रास झाला तर तो कायद्याचा दोष समजावा.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते आमच्या कार्यालयातल्या शिपाईमामांना. एकोणीस वर्षं त्यांनी चित्रांची पानं टेबलाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली. अंतर चार फूट. एकदाही हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. 'उत्तर दिले' हा रबरी शिक्काही त्यांनाच, मात्र कलम ५ मधलं काम झाल्यावर.

मालकांना काही देऊ नये. नाही, चुकलो. मासिक बंद करताना त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं, ते बंद अवस्थेत मिळालं होतं, तसंच परत करावं.

कलम ३. आता माझी खरी मिळकत. 'झंझावात' या चित्रमालिकेचे दोनशे चाळीस अंक मी काढले. नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि संकट आलं की मुखवटा चढवून उडतो. शेवटच्या पानावर 'झंझावाताला विचारा' हे सदर असे. प्रश्न वाचकांचे, उत्तरं नायकाच्या नावाने माझी. पहिल्या काही अंकांत प्रश्नही माझेच असत, हे आता सांगायला हरकत नाही. उडताना झंझावाताचा चष्मा कसा पडत नाही? कान घट्ट आहेत. तो लग्न का करत नाही? बाईंना घड्याळाची टिकटिक सहन होत नाही. असली उत्तरं मी जेवता जेवता लिहीत असे आणि पोरं ती तोंडपाठ करीत.

सदराचा एकच नियम होता, तोही मीच केलेला. चूक कबूल करायची नाही. चूक नसतेच, खुलासा द्यायचा राहिलेला असतो. अंक एकतीसमध्ये झंझावाताच्या डाव्या हाताला सहा बोटं छापली गेली. मी खुलासा केला की सहावं बोट फक्त महासंकटात उगवतं. बिचाऱ्या चित्रकाराला त्यानंतर प्रत्येक महासंकटात ते बोट काढत बसावं लागलं. आणि आमच्याकडे महासंकट दरमहा येई.

तो चित्रकार म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ, वरील पुतणीचा बाप.

कलम ४. लिहायचं टाळत होतो ते इथे लिहितो. अंक नऊमध्ये एका मुलीने विचारलं होतं, "झंझावाताला सगळ्यात आधी कोणी काढलं?" मी त्या एकदाच नायकाऐवजी संपादकाच्या नावाने छापलं, "अस्मादिकांनी." वस्तुस्थिती अशी की धाकटा अकरा वर्षांचा असताना त्याने आईच्या शिवणकामाच्या कागदावर तो काढला होता. आई कपडे शिवायची. तिने कापलेला कॉलरचा नमुना त्याने डोळ्यांवर धरला, त्याचा मुखवटा झाला. मी फक्त नाव ठेवलं.

अंक आला तेव्हा तो टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याने ते पान वाचलं, ब्रश धुतला आणि विचारलं, "दादा, हे तू लिहिलंस?"

मी म्हटलं, "अरे, वाचकांना एकच नाव बरं पडतं."

तो म्हणाला, "बरं."

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. 'बरं'नंतर तो माझ्याशी अवाक्षर बोललेला नाही. नोकरी सोडली नाही, टेबलही बदललं नाही. पानं शिपाईमामा आणत. मीही तोऱ्यात होतो. मी थोरला असल्यामुळे तो आधी बोलेल असं धरून चाललो, आणि धरूनच बसलो.

कलम ५. सहा बोटांबद्दल विचारणारं कार्ड मंगळवारी आलं होतं. खाली सही 'एक जाणकार वाचक'. अंक शुक्रवारी छापायला जाणार होता. ते चित्र जगात फक्त माझ्या टेबलावर होतं. मी बोटं मोजली, सहाच भरली. लाल पेन्सिल हातात होती. ती खाली ठेवली आणि पान तसंच छापखान्यात पाठवलं, नाहीतर त्या प्रश्नाला उत्तर कसं देता आलं असतं?

त्यानंतर धाकटा दरमहा चित्रात मुद्दाम एक चूक करी, टपालाने विचारी, आणि मी छापून उत्तर देई. मालकांना वाटे, चित्रकार गबाळा आहे आणि संपादक आंधळा. आम्ही दोघांनी ते ऐकून घेतलं. आई गेली त्या महिन्यात दवाखान्याच्या एकाच बाकावर आम्ही दोन टोकांना बसलो होतो. पुढच्या अंकात झंझावाताच्या दुकानातली सगळी घड्याळं चार वाजून दहा मिनिटांवर. आई गेली ती वेळ. कार्ड आलं, "घड्याळं का थांबली?" मी छापलं, "त्या दिवशी झंझावातालाही काही दुरुस्त करता आलं नाही." ते लिहिताना मी रडलो. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मान वर करायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटचं कार्ड अंक दोनशे चाळीसनंतर आलं. त्यात चित्राबद्दल काही नव्हतं. "अंक ९ मधील उत्तरात चूक आहे. दुरुस्ती कधी?" एवढंच. मासिक बंद झालं होतं, छापायला पान नव्हतं. मला आयती सबब मिळाली आणि मी ती सात वर्षं वापरली. त्या कार्डावर 'उत्तर दिले' हा शिक्का अजून मारलेला नाही.

दुरुस्ती: अंक ९, शेवटचं पान, 'अस्मादिकांनी' याऐवजी 'माझ्या धाकट्या भावाने' असे वाचावे. सदराच्या इतिहासातली ही पहिलीच दुरुस्ती आहे.

कलम ६. मालकांनी कपाटं रिकामी करायच्या घाईत झंझावाताचे सर्व हक्क मला लिहून दिले होते. ते सर्व, सहाव्या बोटासकट, धाकट्याला मिळावेत. आम्ही दोघं ज्यावर काम करत होतो ते, तेव्हाच घरी आणलेलं टेबलही त्यालाच. पहिल्या खणात त्याची दोनशे कार्डं आहेत. दुसऱ्यात आईचा शिवणकामाचा कागद आहे, घडीवर फाटला आहे, जपून उघडावा. तिसऱ्या खणात जे आहे ते सगळं फक्त त्याचं.

इथवर वाचून पुतणी थांबली. "काका, टेबलाला दोनच खण आहेत."

"माहीत आहे."

"मग ही चूक आहे. दुरुस्त करा, नाहीतर बाबा म्हणतील..."

"काय म्हणतील?"

तिने 'तिसऱ्या' या शब्दावर ठेवलेलं बोट उचललं. मग म्हणाली, "पाकीट कुठे आहे?"

कलम ७. या मृत्युपत्राची एक नक्कल आजच टपालाने धाकट्याला जावी. कायद्याला त्याची गरज नाही, मला आहे. चूक त्याच्या नजरेतून सुटणार नाही. तो विचारेल, तिसऱ्या खणात काय आहे? दुरुस्ती मी लेखी दिली, तिसऱ्या खणातलं लेखी देता येत नाही. सदर बंद पडलं आहे, त्यामुळे उत्तर छापूनही मिळणार नाही. ते हवं असेल तर यावं लागेल, आणि मी आहे तोवर यावं लागेल. डॉक्टरांनी या बाबतीत फार सैल तारीख दिलेली नाही.

मी दुपारी घरीच असतो. दार नुसतं लोटलेलं असतं.

लिहून देणार: थोरला (सही)

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही, मजकूर न वाचता केली, चष्मा दुकानात राहिला होता)

स्थळ: दोन खणांचं टेबल
दिनांक: पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याप्रमाणे