चार हातांवरची पहाट

त्सफात, मंगळवार

प्रिय मखलूफभाऊ यांस,

तुमच्या साडूचा सलाम. गुडघे कसे आहेत? सुलिकाने (म्हणजे माझ्या मेव्हणीने) तुमचं लोणचं बंद केल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे कोणी विचारत नाही.

पुढच्या गुरुवारी माझ्या मसूदाला जाऊन वर्ष होईल. चाळीस वर्षं तिने मला लाथ मारून (हो, लाथच) पहाटेच्या प्रार्थनेला उठवलं, म्हणून तिच्या नावाचं कद्दीश, गेलेल्या माणसासाठीचं आपलं स्तोत्र, मला पहाटेच म्हणायचंय. दहा पुरुष जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही, आणि आमच्या सिनेगॉगात उरलेत नऊ. दहावा मी स्वतः घालवला.

त्याचं असं झालं. आपला याह्या मसालेवाला, माझा तीस वर्षांचा दोस्त, एका शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेनंतर, नात झाली म्हणून बदाम वाटत होता. पोरीचं नाव ठेवलं शाहार. अराकचा दुसरा पेला पोटात गेला होता, त्यामुळे माझ्यातला निवृत्त हिब्रू मास्तर जागा झाला. (पहिल्या पेल्याला तो झोपलेला असतो.) मी सांगितलं, शाहार म्हणजे पहाट, पण अंधार पुरता सरायच्या आधीची, कारण काळ्या रंगाच्या शब्दालाही हीच अक्षरं, आपल्या सकाळच्या प्रार्थनेचं नावही त्यावरूनच आलं. इथवर लोक बदाम खात होते. इथेच थांबावं की नाही? मी पुढे म्हटलं, फार पूर्वी या मुलखात शाहार नावाचा एक देवही पुजायचे.

याह्याने थाळी खाली ठेवली. "माझ्या नातीला मूर्तिपूजकांचा देव केलास, मास्तर? यापुढे तुझी माझी ओळख नाही!" असं म्हणून तो खालच्या गल्लीतल्या सिनेगॉगात गेला, त्याला तीन महिने झाले.

आणि आज मी त्यावर कळस चढवला. चार हातांवरचा ओळखीचा माणूस ओळखू आला की प्रार्थनेपुरतं उजाडलं, हा आपला नियम. आम्ही नऊजण त्यासाठीच दारात ताटकळत होतो. तेवढ्यात याह्या आला, बरोबर चार हातांवर थांबला आणि म्हणाला, "काय मास्तर, ओळख पटते का?" तीन महिन्यांनी माणूस आपणहून बोलला! आणि मी मूर्ख काय म्हणालो? "अजून उजाडलं नाही."

तो आल्या पावली परत गेला. बाकीचे आठजण माझ्याशी बोलेनासे झालेत. आता मसूदाचं कद्दीश होत नाही, मखलूफभाऊ. सगळं संपलं. मला रडू येतंय आणि लाथ मारायलाही कोणी नाही.

तुमचा,
अमराम

ता. क. तुम्ही दहावे म्हणून यावं यासाठी हे लिहिलेलं नाही. आमच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत.

आणखी एक. तुम्ही याह्याकडून जिरं मागवता, तेव्हा त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. त्याला एवढंच कळवा की मी ओळखलं होतं. चार हातांवर नव्हे, गल्लीच्या वळणावरच, चालीवरून, पुरता अंधार असताना.