चोरून नेलेली फांदी

शेळगाव,
संक्रांतीनंतर, १९९६

मुक्ताबाई विहीणबाईंना शेळगावच्या सारजाचा नमस्कार.

नातवाच्या बारशाला आमच्या गावठी गुलाबाचा गुलकंद खाल्ला, तवाच तुमचा जीव त्या झाडात अडकला. निघताना तुमी परसात जाऊन फांदी मोडली आन् पदराखाली लपवली. काटे टोचत हुते, तरी हसून निरोप घेतला. मी दारातनं समदं बघितलं आन् गप ऱ्हायले. गुलाबाची फांदी मागून नेली तर लागत न्हाय, चोरून नेली तरच लागती, हे मलाबी ठावं हाय.

पर पाळणा सजवाया मी परसातल्या दोन्ही गुलाबांची समदी फुलं खुडली हुती, कंचं झाड कंचं ते वळखू येईना, तितंच तुमची गफलत झाली. तुमी शेजारच्या कलमी गुलाबाची फांदी नेली. ते झाड आमच्या थोरल्यानं बारामतीच्या नर्सरीतनं आणलंय. फूल वाटीएवढं, पर वास काडीचाबी न्हाय.

आमची लेक माधवी सांगत हुती, तुमच्या पिंपळीत झाड फुललंय आन् सासूबाई रोज फूल नाकाला लावून परत परत हुंगत्यात. कुणी इचारलं, तर म्हणं बाजारातनं आणलं! हसून हसून माझं पोट दुखलं.

आता खरं लिवावं, तर मी बघितलं हे तुमाला कळंल. फांदी धाडावी, तर दिलेली लागायची न्हाय. म्हणून हे पत्र चुलीत घालते.

सोमवारी मामाच्या मांडीवर नातवाचं जावळ काढायला तुमी येणारच. कलमीची फुलं मी सकाळीच खुडीन, गावठीची तशीच ठेवीन. कात्री धुण्याच्या दगडावर असंल. चहाला मुद्दाम उशीर लावीन.

तुमची, कायबी न बघितलेली विहीण,
सारजा