आईचा ओला ब्रश

बुधवार, दिवेलागणीनंतर

आजही आईचा ब्रश ओला होता.

आई-अण्णा दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, तेव्हा तो इथंच विसरला. घरात मी एकटी. शाळेत मुलांना शिकवते की ब्रश धुऊन, झटकून, उभा ठेवावा, म्हणजे वाळतो. हाही तसाच ठेवलाय. मग रोज ओला कसा? शेजारच्या काकू म्हणाल्या, "जीव घरात अडकलाय तिचा. फेकू नकू." मी हसले. पण फेकला नाही.

आता तर त्याचे केसही फाकलेत. आई अशीच घासते, भांडं घासल्यासारखं, रक्त येईपर्यंत. आठवडाभर तिचा फोन लागत नव्हता. तिला काही झालं तर नसेल? आज न राहवून ब्रश हातात घेतला आणि रिकाम्या घरात ओरडले, "आई, हळू घास गं! हिरड्या सोलवटतील."

तासाभरानं फोन लागला. फडावरच्या कोपीतच, त्या पाचटाच्या झोपडीतच होती, बरी होती. मला रडूच आलं.

"मिश्री परत सुरू केलीस ना?"

"न्हाई गं. शपथ घातलीस ना तू."

"मग दात कशानं घासतेस?"

"बोटानं. अन् आज हळूच घासले की. का म्हनून वरडलीस एवढी?"

मी वळून ब्रशकडे पाहिलं.

उद्या टोळीकडे निघणाऱ्या जीपवाल्याकडे नवा ब्रश द्यायचा ठरवलं होतं. देऊ का? तिला तिकडं ब्रश मिळाला, तर ती इथं यायची थांबेल.