भीतीचा शेरा

सर,

सायनाइडच्या विषावरचा, आपण तेव्हा तपासत होतो तो उतारा निरोगी माणसाचा रक्तदाब वाढवतो, हे आता औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. काल ते वाचून मला समाधान वाटायला हवे होते. वाटली ती चीड. खराडीच्या त्या चाचणी केंद्रात आपण प्रमुख होता आणि मी, आपलीच विद्यार्थिनी, नोंदी ठेवत होते. खिडकीसमोर संगणक कंपनीची इमारत दर महिन्याला एक मजला वर चढत होती आणि आपल्याला सगळे वेळेत संपवायचे होते.

वारज्याहून आलेला तो तरुण स्वयंसेवक पलंगावर पडला आहे. शिरेतून लालभडक औषध जाते आहे. बाटली अर्धीही रिकामी झालेली नाही आणि दाब चढतो आहे. पुढे तासाभराने त्याला लाल लघवी होते. आपण येता, कागद पाहता. "लघवीचा रंग बघून घाबरला. शेऱ्यात भीती लिहा."

"सर, दाब आधी वाढला, रंग नंतर दिसला. कार्य कारणाच्या आधी कसे येईल?"

"अहो विदुषीबाई, आपण तर्कशास्त्राच्या वर्गात आहात की दवाखान्यात?"

सिस्टर हसल्या. पलंगावरून तो म्हणाला, "मॅडम, मी नाही हो घाबरलो. डोकं दुखतंय फक्त."

"घाबरलेला माणूस असंच म्हणतो," आपण म्हणालात. कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही असे विधान! असल्या विधानाला आपणच मला परीक्षेत शून्य दिले होते.

वाद शब्दांचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पुढच्या गटाला दुप्पट मात्रा द्यायची होती. कारण भीती असेल तर ती देता येत होती. कारण औषध असेल तर थांबणे भाग होते. मात्रा दिली गेली. एकाचा दाब इतका चढला की औषध मध्येच बंद करावे लागले. तो सावरला, यात आपल्या दोघांचेही श्रेय नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत नेहमी इथपर्यंतच सांगते. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून उरलेली लिहिते. दुप्पट मात्रेच्या आदल्या संध्याकाळी आपण मला खोलीत बोलावलेत, तोच कागद पुढे सरकवलात आणि म्हणालात, "माझी खात्री होत नाहीये. तुमचा आक्षेप लेखी द्या, उद्याचं थांबवतो." मी म्हणाले, "आपण म्हणाल तसे," आणि आपल्यासमोर 'भीती' असे लिहून सही केली. सिस्टरांचे हसू माझ्या कानात होते. मला मात्रा थांबायला नको होती, सर. मला आपण चुकायला हवे होतात.