अक्काची खाट आणि होयाची खिडकी

१२ जानेवारी
वसावे मॅडमचा फोन. धडगावच्या शाळेत आम्ही बरोबर होतो, आता दोघी रिटायर. त्यांच्या होयाच्या वेलीला यंदाही फुलांचे घोस आलेत. फोटो पाठवला. मेणाचे केल्यासारखे फिके गुलाबी तारे, मध्ये लाल ठिपका. माझी वेल त्याच जातीची, वयाने मोठी, एकही फूल नाही. वर्षाला दोन-चार पानं काढते आणि थांबते.
त्या म्हणाल्या, "मॅडम, लाड बंद करा. कुंडी बदलू नका, पाणी तोडा, ऊन द्या. सुखात ठेवली की ती फुलत नाही."
हे मला जमण्यासारखं आहे.

१३ जाने.
ऊन कुठून आणू? नंदुरबारच्या या घरात सकाळचं ऊन एकाच खिडकीला, आणि तिथे अक्काची खाट. माझी मोठी बहीण. काचबिंदूने डोळे गेले, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिच्या मुलाने, दिलीपने, धानोऱ्याचं घर विकलं, सुरतेला फ्लॅट घेतला आणि "मावशी, थोडे दिवस" म्हणून हिला माझ्याकडे टाकून गेला. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.
कुंडी खिडकीच्या गजाला टांगली. अ.च्या उशाशी. (यापुढे नुसतं अ. तेवढं पुरे.)
"काय टांगी ऱ्हायनी?"
"होया."
"मन्हीच शे ना ती?"
तिचीच. धानोऱ्याला ओट्यावर तिची वेल होती, दर उन्हाळ्यात लगडायची. मी नोकरीला निघाले तेव्हा एक तुकडा तोडून दिला, आणि देताना चारचौघांत माझ्या शिक्षणावरून म्हणाली, "शिकेल बाईना हातले काही लागत नही." सगळे हसले. मीसुद्धा.

२ फेब्रु.
पाणी तोडलं. पानं जराशी सुरकुतलीत. मॅडम म्हणतात घाबरू नका. घाबरत नाहीये, उलट बरं वाटतंय. अ.चा दुपारचा चहाही बंद केला. साखर वाढलीय तिची.

२१ फेब्रु.
देठ आला. पानाच्या बगलेतून, टोकाला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका. चष्मा पुसून परत पाहिलं. आहे.

१ मार्च
देठ नाही. खाली शोधला, खाटेखाली शोधला. मॅडमनी विचारलं, कळ्या धरल्यावर कुंडी हलवलीत का? हात लावला नाही मी.

१४ मार्च
पुन्हा एक. दुसऱ्या फांदीला, जरा खाली. अ.ला सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे, घरात दुसरं कोण आहे.
"बरं व्हयनं," म्हणाली.

१७ मार्च
हाही गेला.
जेवणाआधी अ.चे हात धुवायला घेतले. उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरं वाळलेलं. होयाचा चीक. खुडलं की दुधासारखा येतो.
हात धुतले, पुसले. ताट पुढे केलं. भाजीत मीठ घातलं नव्हतं. तिने सगळी खाल्ली.

१८ मार्च
विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल.
"मन्हं घर गयं, मन्ही वेल गई. दिलीपनी उपटी फेकी दिन्ही. मंग तुन्ही कसाले फुलस?"
"दिलीपने उपटली. मी नाही."
"तो कोठे मन्हा हातले लागस? तू जवळ शे."
संध्याकाळी दिलीपला फोन केला, आईला घेऊन जा. "मावशी, मेमध्ये बघतो."

२० मार्च
वेल हलवायची नाही असं मॅडमनी बजावलंय. म्हणून खाट हलवली.
आतल्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांशेजारी. पंखा आहे, खिडकी नाही. अ. बराच वेळ हाताने भिंत चाचपत होती.
"ऊन कोठे शे?"
"आज ढग आहेत."
मार्च महिना.

२९ मार्च
रोज उठल्यावर विचारते, "आज बी ढगच का?" रोज हो म्हणते. तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. तरी विचारते.

६ एप्रिल
अ. पडली. सकाळी आपली आपण उठून खिडकीकडे निघाली, वाटेत उंबरा नसल्यासारखी पावलं टाकत. उंबऱ्याला ठेच लागली. उजवं मनगट मोडलं.
डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. विचारलं, घरात काही हलवलं होतं का. खाट, म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि औषधं लिहायला लागले.
रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. किती हलकी झालीय. आणि माझ्या मनात काय, तर आता तो अंगठा महिनाभर चालणार नाही.

१९ एप्रिल
तीन देठ. कुणीही खुडलेले नाहीत.
ऊन असह्य. दुपारी वेलीसाठी खिडकीला ओलं गोणपाट बांधते. आत अ.च्या अंगावर पंखा गरम वारा ओततो. तिथे गोणपाट कशाला बांधणार.

३ मे
उमलली.
तारे अगदी त्या फोटोतल्यासारखे. प्रत्येकाच्या मधोमध मधाचा थेंब. चाखला. दिवस कलला तसा वास सुटला, गूळ पातळ होताना येतो तसा, फक्त जास्त जड. मॅडमना फोटो पाठवला.
मग अ.चं दार उघडलं. टेबलफॅन वेलीमागे ठेवून त्याचं तोंड आतल्या खोलीकडे केलं आणि बसून राहिले. शेवटी मीच विचारलं, वास येतो का?
"कसाना?"
"होयाचा. फुलली."
"माले काही वास येत नही." आणि तोंड भिंतीकडे.
मी जेवले नाही.

५ मे
शेजारच्या पाटीलबाई फूल बघायला आल्या. "काय वास शे वो बाई, रस्तापावत येस."
आतून आवाज: "दिलीपनी माय बी आठेच शे."
पाटीलबाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या नाहीत. चहाही न घेता गेल्या.

८ मे
दिलीपचा फोन. मेमध्ये जमत नाही, पोरांच्या सुट्ट्या आहेत, कुठेतरी जायचंय. अ.ला जसंच्या तसं सांगितलं. मऊ करून सांगता आलं असतं.
"पोरं उंच व्हयना व्हतीन," एवढंच म्हणाली.

११ मे
प्लास्टर काढलं. हात काडीसारखा, कातडी सोललेली. डॉक्टरांनी बोटं हलवायला लावली. पाचही हलतात. अंगठासुद्धा.

१२ मे
सकाळी तिने हाक मारली. नावाने. इथे आल्यापासून पहिल्यांदा.
"शालू, एकदाव माले हात लावू दे फूलस्ले."
"खुडशील."
"माहीत नही. हात लावावर समजी."
नाही खुडणार, असं म्हणाली असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं.
तिला धरून आणलं, खिडकीखाली खुर्चीवर बसवलं. तोंडावर ऊन आलं तशी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दिसत नाही तरी मिटले. हात वर केला. खाटेवर उभी राहून पोचत असेल, खुर्चीवरून कुंडी वीतभर वर राहते.
स्टुलावर चढले, हुकाला हात घातला, पण कुंडी काढली नाही. उतरले. स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले आणि हे लिहायला बसले. दारातून ती दिसतेय. हात अजून वरच आहे.