विचारायला काय पैसे लागतात

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कर्ज नामंजूर!

पगार पुरेसा. नोकरी चार वर्षांची. एकही हप्ता कधी थकलेला नाही. तरी नामंजूर. बँकेतल्या साहेबाने स्क्रीन माझ्याकडे वळवलीसुद्धा नाही. “बेन, एवढ्या ठिकाणी अर्ज? दिवाळीआधी नऊ बँकांनी तुमचं सिबिल काढलंय. स्कोअर पडला. वरच्यांना वाटतं, बाई पैशासाठी दारोदार फिरतेय. सहा महिने कुठेच अर्ज करू नका, मग या.”

मी एकाच बँकेत अर्ज केला. एकाच! तसं सांगितलं. तो हसला. “पहिलं घर घेणारे सगळे हेच म्हणतात.”

सहा महिने म्हणे. बिल्डर बुधवारपर्यंत थांबणार आहे — पुढच्या.

बुधवार, ५

घरी सांगितलं नाही. भूक नाही म्हटलं. आई म्हणाली, “बाहेर काहीतरी खाल्लं असशील.” हो म्हटलं.

गुरुवार, ६

सिबिलचा रिपोर्ट स्वतः काढला. आपला आपण पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही. कर्ज देणाऱ्याने उघडला की तो मागे खूण ठेवून जातो. तशा नऊ खुणा. त्यातली एकच मला ओळखीची.

म्हणजे मला तपासलं म्हणून मी नापास! कापडाची ताकद मोजायची तर कापड फाडावं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको. कडोदऱ्याच्या डाईंग मिलच्या लॅबमध्ये मी रोज तेच करते. पण आम्ही तुकडा कापून घेतो आणि तो फाडतो. गिऱ्हाइकाचा अख्खा तागा फाडून वर त्यालाच ‘तुमचा माल कच्चा आहे’ असं सांगत नाही.

फाडला कोणी? भूपेंद्र. दुसरं कोण? माझी फाइल बँकेत नेणारा एजंट तोच. हे लोक एक फाइल पाच बँकांत टाकतात. जिथून पास होईल तिथलं कमिशन घेतात. लॅबमधल्या उज्ज्वलाने मला आधीच बजावलं होतं.

शनिवार, ८

डिंडोलीला भूपेंद्रच्या ऑफिसात गेले. तो चहा सांगायला लागला.

“चहा नको. माझी फाइल किती ठिकाणी टाकलीत?”

“एकच, बेन! मातानी सोगंद!”

“शपथ नको. दाखवा.”

मी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही.

त्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. खरंच एक. मग जरा थांबून म्हणाला, “बेन, ओटीपी सांगितल्याशिवाय कोणतीही बँक सिबिल उघडत नाही. तुमचा ओटीपी कोणाच्या फोनवर जातो?”

रिपोर्टच्या पहिल्याच पानावर नंबर होता. मी — जी लेबलवरचा दशांश चिन्हापुढचा तिसरा आकडासुद्धा सोडत नाही — तो वाचला नव्हता.

पप्पांचा नंबर. पॅन कार्ड काढलं तेव्हा माझ्याकडे फोनच नव्हता, म्हणून त्यांचा दिला होता.

रविवार, ९

तर असं आहे. पप्पांची यंत्रमागावर रात्रपाळी, दुपार मोकळी. दिवाळीआधी नव्या घरांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे बँकांची टेबलं मांडलेली. पप्पा माझ्या कागदांच्या झेरॉक्स पिशवीत घालून टेबला-टेबलावर फिरले. एक दिवस नाही — रोज!

“चार दुकानं फिरल्याशिवाय कोनी साडी तरी घेतं का? हे तं घर आहे. विचाराले काय पैसे लागता?”

“लागतात! इथे लागतात! त्या प्रत्येकाने माझं सिबिल काढलंय.”

“मी कुठंच सही नाही केली. फोनवर नंबर आला, तो नुसता सांगितला.”

“नुसता!”

धम्मरत्न — माझा धाकटा भाऊ — मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, “पप्पा, ओटीपी सांगणं म्हणजे सही करणंच असतं.”

“तं मंग तसं सांगावं ना त्यानं! ‘काका, बसा, पानी घ्या’ म्हने.”

“विचारायचं काय होतं पण? व्याजदर तर बाहेर फलकावर लिहिलेला होता. तुम्ही नेमकं काय विचारत होतात?”

पप्पा पिशवीतल्या झेरॉक्स सारख्या करायला लागले.

तेव्हा मला बुकिंगचा दिवस आठवला. पप्पांनी विचारलं होतं, “एकटीच्याच नावावर घेती का?” तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं. “धम्माचं नाव घुसवता येतं का, हेच ना? मुलीच्या पगाराचं घर मुलाला कसं मिळेल, हेच विचारत होतात ना?”

धम्मा म्हणाला, “मला कशाला मधे घेतेस?” कोपऱ्यात बसलेल्या सोनाआत्याने भाजी निवडणं थांबवलं. नवरा गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. घरात मोठ्याने कोणी बोललं की ती आधी स्वतःची पिशवी जवळ ओढते. आजही ओढली.

पप्पा चपला घालून निघून गेले.

सोमवार, १०

आई : “बापलेकीचं काय चाललंय? एकीले विचारलं तं गप्प, दुसऱ्याले विचारलं तं गप्प. आता काय भिंतीले विचारू?”

बुधवार, १२

बिल्डरच्या ऑफिसातून फोन. चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट दुसऱ्यांना दिला. “बेन, आम्ही तरी किती थांबणार?” टोकन परत मिळेल, कापून.

स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. असो.

आता पुन्हा भाड्याची खोली. ते सगळं मला पाठ आहे. भाडं ठरतं, पाण्याची वेळ ठरते, चावीसुद्धा हातात येते. मग मालक सहज विचारल्यासारखं विचारतो — “अटक शुं?” म्हणजे आडनाव. मी सांगते. मग त्याला आठवतं की खोली मेहुण्याला द्यायचं आधीच कबूल केलं होतं. सुरतेत मेहुणे फार! एक दार असं हवं होतं, जिथे आत जाताना मला कोणी काही विचारणार नाही. ते दार माझ्या बापाने घालवलं. विचारून-विचारून!

आज पप्पांचा डबा मी भरला नाही. आईने भरला.

शनिवार, १५

दुपारी लॅबमध्ये एका बँकेतून फोन. स्नेहा नावाची मुलगी. प्रदर्शनात टेबलावर होती.

मी म्हटलं, “तुमच्यासारख्या आठ जणांमुळे माझं घर गेलं.”

ती घाबरली. “ताई, काका कर्ज मागतच नव्हते. एकच विचारत होते — मुलीचं एकटीचं नाव असेल आणि उद्या लग्न झालं, नवरा गेला, तर सासरचे तिला घरातून काढू शकतात का? आम्ही सांगितलं, नाही काढू शकत. तर म्हणाले, तोंडी नको, लिहून द्या. सगळ्याच टेबलांवर तेच मागत होते. आमचे सर म्हणाले, फाइल टाकल्याशिवाय वकील काही लिहून देत नाहीत. म्हणून टाकली.”

मी हातातला कापडाचा तुकडा खाली ठेवला.

“वकिलांचा कागद आलाय, ताई. काका फोन उचलत नाहीत, म्हणून तुमच्या पगारपत्रकावरच्या नंबरवर लावला; कुठल्या पत्त्यावर पाठवू? काका म्हणाले होते, लेकीला दाखवायचा नाही, माझ्याजवळ ठेवायचा.”

पत्ता सांगितला. नाव पप्पांचंच घालायला सांगितलं.