तबकातली अत्तरदाणी

शुक्र. २० जाने. १९८४, मुलुंड
खालच्या मजल्यावर सुधाकडे हळदीकुंकू. वाण प्लॅस्टिकची गाळणी. घरात आधीच ढीग आहे. तिळगूळ दगडासारखा. सुमन भांडी घासायला तिच्याकडे थांबली. उद्या माझ्याकडे उशिरा येणार म्हणाली.

शनि. २१
सुधाची चांदीची अत्तरदाणी सापडत नाही. नाव अर्थात सुमनचं. सुधाने सगळ्यांना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, काल तबकात होती, गुलाबदाणीच्या शेजारी. मीही म्हटलं, होती.
सुमन जिन्यात उभी. "बाई, झडती घ्या. खोलीवर चला भांडुपला." सुधा म्हणाली, बिल्डिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हणजे माझ्याकडचं धरून तिची सगळी कामं गेली. विचारलं कोणी मला?

रवि. २२
सुधाला म्हटलं, "जावेच्या मुलीच्या लग्नाला अत्तरदाणी दिली होतीस ना, बोरिवलीला? परत आली का?"
"आली असणार. नाहीतर तबकात कशी दिसली असती?"
म्हणजे शोधायलाच नको! संध्याकाळी भांडी मीच घासत बसले. तेव्हाच आठवलं: शुक्रवारी सुधाच्या सुनेने मला अत्तर लावलं ते बाटलीतून, कापसाच्या बोळ्याने. अत्तरदाणी होती तर बाटली कशाला?

बुध. २५
महिला मंडळात स्मरणशक्तीची स्पर्धा. शब्द वाचायचं काम माझं. मुद्दाम निवडले. उशी, गादी, चादर, पांघरूण, जांभई, अंगाई, स्वप्न, घोरणं. थोड्या गप्पा, मग लिहा म्हटलं. बहुतेकींनी 'झोप' लिहिलं. मी वाचलाच नव्हता तो शब्द.
सुधा: "वाचलास गं. या कानांनी ऐकला."
माझा कागद दाखवला. "मग चुकून बोलली असशील."
म्हटलं, तबकातली अत्तरदाणी तुम्हाला अशीच दिसली. गुलाबदाणी दिसली, जोडीची तुम्ही मनाने ठेवलीत.
मंडळातल्या मालतीबाई: "झोप वेगळी, चांदी वेगळी, कमलताई."
बाकीचे शब्द बरोबर म्हणून बक्षीस सुधालाच. स्टीलचा डबा. माझ्याच हातून दिला. शिकलेल्या बायका म्हणे.

गुरु. २६
सुधा उद्या पोलिसात जाणार. साक्षीला मी हवी, माझ्या शब्दाला वजन म्हणून.
भांडुपला गेले. सुमनने आत ये म्हटलं नाही. "तुम्हीपण बघितली म्हणालात, बाई."
म्हटलं, चुकलं माझं.
"मग चौकीत सांगाल, नव्हती म्हणून?"
सांगेन म्हटलं. ती मुलीची वेणी घालत राहिली.
सकाळी आधी बोरिवली. सुधाची जाऊ घरी भेटली तर कळेल, अत्तरदाणी तिच्याकडेच राहिली का.
घरी येऊन डोळे मिटून तबक आठवून पाहिलं. कुंकवाचा करंडा, गुलाबदाणी. आणि शेजारी ती आहेच. झाकणावर मोर. जाता जात नाही मेली.